घोड्याचं बिट कोणत्या प्रकारचं आहे, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोगीरसामानाच्या पेटीत तळाशी पडलेली बिटं बघून भलेभले गोंधळतात. नावं शेकड्यांनी आहेत, एकाच वस्तूला दोन देशांत दोन नावं आहेत आणि काही नावं तर सरळ दिशाभूल करतात. त्यामुळे इथे नावांपेक्षा बिटची रचना वाचण्यावर भर दिला आहे. रचना कळली की नाव सापडतं. नाव नाही सापडलं, तरी ते बिट घोड्याच्या तोंडात काय करणार हे कळतं, आणि मुळात तेच कळायला हवं.

बिट म्हणजे लगामाचा नेमका कोणता भाग?

घोड्याच्या तोंडात जाणारा, बहुतेक वेळा धातूचा भाग. जुन्या मराठीत त्यालाच कडियाळं म्हणत. डोक्यावरच्या पट्ट्या, स्वाराच्या हातातले पट्टे आणि हे बिट मिळून पूर्ण लगाम होतो. पुढे मात्र ‘लगाम’ म्हणजे स्वाराच्या हातातला पट्टा, असंच समजा.

बिट दातांवर बसत नाही. घोड्याचे पुढचे, गवत कापायचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. बिट तिथून, जिभेवरून आडवं जातं. नरांना आणि क्वचित माद्यांनाही याच मोकळ्या जागेत सुळे येतात. बिट त्यांच्या मागे बसतं. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक छोटा दात असतो, त्याला ‘वुल्फ टूथ’ म्हणतात. त्यावर बिट आपटू लागलं की घोडा डोकं झटकतो आणि दोष मात्र बिटाला मिळतो.

बिट हातात घेतल्यावर आधी काय बघायचं?

लगामाचा पट्टा कुठे अडकतो, ते. बाकी सगळं नंतर.

बिटचे दोन भाग मानू: तोंडात जाणारा दांडा आणि तोंडाबाहेर दोन्हीकडे दिसणाऱ्या बाजू. बाजूंना इंग्रजीतून आलेला ‘चीक’ हा शब्द चालतो. दांडा ज्या कडीला जोडलेला आहे त्याच कडीत लगामाचा पट्टा जात असेल, तर स्वाराने जेवढा जोर लावला तेवढाच तोंडात पोचतो. हे स्नॅफल. पट्टा दांड्याच्या बराच खाली, लोंबत्या दांडीच्या टोकाला अडकत असेल आणि डोक्याची पट्टी दांड्याच्या वर अडकत असेल, तर ती तरफ झाली. जोर वाढून पोचतो. हे कर्ब. या लोंबत्या दांडीला ‘शँक’ म्हणतात.

दांडा सरळ आहे की सांध्याचा, हा प्रश्न दुसरा. बहुतेक माणसं तोच आधी विचारतात आणि तिथेच फसतात.

सांधा असला की ते स्नॅफल, हे बरोबर आहे ना?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. पूर्ण सरळ, एकसंध रबरी दांड्याचं बिटही स्नॅफल असू शकतं, आणि मधोमध सांधा असलेलं बिट कर्ब असू शकतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी वेस्टर्न स्वारीतलं टॉम थंब. त्याला आखूड, जवळजवळ सरळ शँक आणि मध्ये एक सांधा असतो. ‘टॉम थंब स्नॅफल’ या नावाने ते सर्रास विकलं जातं, नवशिके ते ‘सौम्य’ समजून घेतात. प्रत्यक्षात ते तरफेचं बिट आहे. लगाम ओढला की सांधा मुडपतो, दोन्ही शँक आत वळतात आणि दोन्ही बाजूंना जोडणारी हनुवटीखालची साखळी आवळते, हे सगळं एकाच वेळी. घोड्याला नेमका इशारा कोणता हे कळणं कठीण जातं. माझ्या मते शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा या दोघांनाही ते देऊ नये. ब्रिटनमध्ये मात्र टॉम थंब म्हणजे आखूड शँकचं पेलम किंवा वेमथ (दोन्ही पुढे येतील), म्हणजे वेगळीच वस्तू. ऑनलाइन मागवताना नावावर न जाता फोटो बघा.

स्नॅफलच्या बाजूंचे प्रकार कसे ओळखायचे?

कडी दांड्याच्या टोकाच्या भोकातून आरपार फिरत असेल तर लूज रिंग. बोटाने फिरवली की गोल गोल फिरते. हिचा फायदा असा की घोडा बिट घट्ट धरून त्यावर रेलू शकत नाही. तोटा असा की भोकाच्या कडेला ओठाचा कोपरा चिमटू शकतो. म्हणून कधीकधी दोन्हीकडे रबराच्या चकत्या लावतात.

कडी फिरत नसेल आणि दांडा तिच्याशी जुळतो तिथे रुंद होत बिजागरीसारखा बसत असेल, तर ते एगबट. चिमटा बसत नाही, बिट तोंडात स्थिर राहतं. कडीचा आकार इंग्रजी ‘डी’सारखा, सरळ बाजू तोंडाकडे असेल तर डी-रिंग. शर्यतीच्या घोड्यांवर हे फार दिसतं. सरळ बाजू गालावर टेकते, वळवताना मदत करते आणि बिट तोंडातून पलीकडे ओढलं जात नाही.

कडीबरोबर वर आणि खाली दोन लांब काड्या असतील तर फुल चीक. काडी एकाच दिशेला असेल तर हाफ चीक, जे गाडीच्या घोड्यांना आणि शर्यतीत वापरतात. फुल चीकची वरची काडी चामड्याच्या छोट्या वेढ्याने गालपट्टीला, म्हणजे डोक्यावरून गालाशी उतरणाऱ्या पट्टीला, बांधतात. तो वेढा नसेल तर काडी कुठेही अडकू शकते.

उरलं बाउचर, म्हणजे हँगिंग चीक. फ्रान्स्वा बाउचर या १९व्या शतकातल्या फ्रेंच घोडेशिक्षकाचं नाव त्याला लागलं आहे. मुख्य कडीच्या वर एका छोट्या दांडीवर लहान कडी असते, ती गालपट्टीत जाते. वरची ही दांडी बघून अनेकजण त्याला तरफेचं बिट म्हणतात आणि कानांमागे दाब येतो असं सांगतात. पण लगाम अडकतो तो दांड्याच्याच कडीत. खाली शँक नाही, हनुवटीला साखळी नाही. ते तोंडात शांत लटकतं, एवढाच त्याचा खरा गुण. बाउचर उलटं लावलेलंही अनेकदा दिसतं: लहान कडी वर हवी.

एगबट किंवा डी-कडीला आतून खाचा किंवा हुक आहेत. ते कशाला?

त्या खाचा असल्या की ते बिट साधं स्नॅफल राहत नाही. गालपट्टी वरच्या खाचेत आणि लगाम खालच्या खाचेत अडकवला की दोघे आपापल्या जागी घट्ट बसतात आणि थोडी तरफ तयार होते. विल्की किंवा बेव्हल या नावाच्या बिटाला गोल कडीत असाच एक आतला अडसर असतो. खाचा वापरल्याच नाहीत तर बऱ्याच बिटांत तरफ जवळजवळ उरत नाही. म्हणून बिट कोणतं, याबरोबरच ते कसं लावलंय हेही बघावं लागतं.

तोंडातल्या दांड्याचे प्रकार किती, आणि ते वेगळे कसे कळतात?

इथे हाताने चाचपून बघण्याला पर्याय नाही. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन बिटं बोटांना वेगळी लागतात.

सांधा नसलेल्यांपासून सुरुवात करू. दांडा पट्टीसारखा सरळ असेल तर स्ट्रेट बार. किंचित धनुष्यासारखा वाकलेला असेल तर मलन. मलनच्या बाकामुळे जिभेला जरा जागा मिळते. मध्ये कमान उठवलेली असेल तर तिला पोर्ट म्हणतात. ठेंगणी, रुंद कमान जिभेला मोकळीक देते. कमान उंच होत गेली की ती टाळूला टेकू लागते, आणि तिचं काम पूर्ण बदलतं. साधारण २ ते अडीच इंचांच्या पुढे ही शक्यता धरून चालावं, लहान तोंडात त्याआधीही.

मध्ये एक सांधा म्हणजे सिंगल जॉइंट. लगाम ताणला की दोन्ही हात मुडपून जिभेभोवती इंग्रजी ‘व्ही’ होतो. ‘अडकित्त्यासारखं पकडतं’ असं याबद्दल म्हटलं जातं. हात सरळसोट असले तर ते बरंचसं खरं आहे. हातांना जिभेच्या आकाराचा बाक दिला असेल तर पकड कमी होते.

दोन सांधे आणि मध्ये एक तुकडा असेल तर खरी गंमत सुरू होते, कारण त्या छोट्या तुकड्यावरच सगळं ठरतं. तुकडा गोलसर, भरीव असेल तर लोझेंज. चपटी पट्टी असेल, कंबर बारीक, भुईमुगाच्या शेंगेसारखी, आणि बिट सरळ धरल्यावर जिभेवर सपाट पडणारी असेल तर फ्रेंच लिंक. पट्टी लांबट, कडा सरळ, आणि हातांच्या पातळीला तिरकी बसवलेली असेल तर डॉक्टर ब्रिस्टल. तिची कड जिभेत रुतू शकते.

फ्रेंच लिंक आणि डॉक्टर ब्रिस्टलमध्ये गल्लत खूप होते. एक सोपी तपासणी आहे. बिट तोंडात असतं तसं, मधला भाग जिभेवर येईल अशा बेताने, आपल्या मनगटावर आडवं ठेवा आणि दोन्ही कड्या घोड्याच्या पाठीच्या दिशेने, म्हणजे स्वार ओढेल तशा ओढा. सपाट पृष्ठभाग लागला तर फ्रेंच लिंक. धार टोचली तर डॉक्टर ब्रिस्टल. मग बिट उलटं करून पुन्हा ओढा: डॉक्टर ब्रिस्टल एका बाजूने टोचतं आणि दुसऱ्या बाजूने बरंच मवाळ लागतं, फ्रेंच लिंकमध्ये इतका फरक पडत नाही.

गोळ्या गोळ्या एकमेकींत अडकवून केलेली साखळी असेल तर वॉटरफर्ड. ती कोणत्याही दिशेला वाकते, त्यामुळे घोड्याला तिच्यावर रेलताच येत नाही. दांड्याला पिळा दिलेला असेल तर ट्विस्टेड. पिळलेली बारीक तार असेल तर ट्विस्टेड वायर, सायकलच्या चेनसारखा दांडा असेल तर चेन किंवा म्यूल बिट. ही शेवटची तीन बिटं मी सामानात दिसली तर वापरातून बाजूला काढून ठेवतो. पातळ आणि धारदार वस्तू कोवळ्या हिरडीवर काय करते, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आतल्या बाजूला मुद्दाम काटे बसवलेली बिटंही सापडतात. ती कुठल्याही प्रकारात मोडत असोत, घोड्याच्या तोंडात घालायची नाहीत.

शँकची लांबी मोजून काय कळतं?

तरफेचं प्रमाण कळतं, आणि इथे थोडं गणित करावं लागतं.

दांड्यापासून गालपट्टीच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा. त्याला ‘पर्चेस’ म्हणतात. मग दांड्यापासून खाली लगामाच्या कडीपर्यंतचं अंतर मोजा. समजा वरचं ४ सेंटिमीटर आहे आणि खालचं १२. प्रमाण १:३ झालं. शँकला काटकोनात लगाम ओढला, तर वरच्या टोकाला, म्हणजे हनुवटीची साखळी आणि गालपट्टी मिळून, सुमारे तिप्पट ताण येतो. खालचा जबडा साखळी आणि दांडा यांच्यामध्ये दाबला जातो. जोर किती वाढेल हे फक्त शँकच्या लांबीवर नाही, दोन्ही अंतरांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ठेंगण्या दिसणाऱ्या बिटाचं पर्चेस अगदीच आखूड असेल तर ते लांब शँकच्या बिटाइतकंच जोरकस असू शकतं.

दुसरी बाजूही आहे. लांब शँकला साखळी आवळली जाईपर्यंत जास्त अंतर फिरावं लागतं. शहाणा घोडा तेवढ्या वेळात इशारा ओळखतो आणि दाब येण्याआधीच वागतो. आखूड शँक झटकन काम करतो, इशाऱ्याला अवकाश ठेवत नाही. शँक मागे वळवलेला असेल, जसा वेस्टर्नमधल्या ‘ग्रेझिंग’ बिटाचा असतो, तर परिणाम आणखी मवाळ होतो.

साखळी किती सैल असावी याचा रूढ अंदाज असा: लगाम ओढल्यावर शँक ओठांच्या रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करतो तेव्हा साखळी हनुवटीच्या खाचेत टेकावी. त्याआधी टेकली तर घट्ट आहे. शिवाय साखळीचे दुवे पिळलेले नसावेत. उजवीकडे फिरवत नेऊन ती सपाट करायची आणि मगच अडकवायची.

पेलम, किंबलविक आणि वेमथ यांत फरक काय?

बाजूला लगामासाठी दोन कड्या असतील, एक दांड्याच्या पातळीला आणि एक शँकच्या टोकाला, तर पेलम. वर साखळीचे हुक असतात. शँकच्या मध्यावर एक बारीक भोक किंवा कडी असते, ती ओठाखालच्या पट्ट्यासाठी. पेलमला दोन लगाम लावायचे असतात. दोन्ही कड्या जोडणारा चामड्याचा वेढा घालून एकच लगाम लावणारेही पुष्कळ आहेत. मग दोन्ही परिणाम एकत्र मिसळतात.

किंबलविक डी-रिंगसारखं दिसतं, म्हणून फसवतं. वरच्या टोकाला गालपट्टीसाठी वेगळं चौकोनी भोक आणि साखळीचे हुक दिसले की ते किंबलविक. डीच्या कडीत खाचा असतील तर अक्सेटर किंबलविक. साखळी हरवलेलं किंबलविक डी-रिंग स्नॅफल म्हणून विकलं जातं; वरचं भोक बघा, चूक होणार नाही.

वेमथ हे शँकचं बिट आहे, पण ते एकटं वापरायचं नसतं. ते ब्रिडून नावाच्या सडपातळ स्नॅफलबरोबर एकाच तोंडात घालतात, या जोडीला डबल ब्रायडल म्हणतात. म्हणून पेटीत नेहमीपेक्षा बारीक दांड्याचं, लहान कड्यांचं स्नॅफल मिळालं तर ते ब्रिडून असण्याची शक्यता मोठी. वेमथच्या शँकवर दांडा वर-खाली सरकत असेल तर स्लायडिंग चीक, नसेल तर फिक्स्ड.

तीन-चार कड्या एकावर एक असलेलं बिट काय आहे?

डच गॅग. त्याला बबल बिट किंवा थ्री-रिंगही म्हणतात. मधली मोठी कडी दांड्याची, वरची लहान गालपट्टीची, खालच्या एक किंवा दोन लगामासाठी. लगाम जितक्या खालच्या कडीत, तितकी तरफ जास्त. सहसा साखळी नसते, त्यामुळे जबडा आवळला जात नाही, पण बिट तोंडात वर सरकतं आणि कानांमागे दाब येतो. अडथळ्यांच्या उड्यांमध्ये हे खूप दिसतं.

मूळ गॅग वेगळं. त्याच्या कडीला वर आणि खाली भोकं असतात; गोल चामड्याची पट्टी किंवा दोरी वरून शिरून खाली निघते आणि तिच्या टोकाला लगाम लागतो. ओढलं की बिट त्या पट्टीवर चढत जातं, ओठांचे कोपरे वर खेचले जातात. एगबटसारखी बाजू असेल तर चेल्टनहॅम, लूज रिंग असेल तर बाल्डिंग. पोलोच्या घोड्यांवर गॅग नेहमी दिसतं. तर ओळखीची खूण एवढीच: कडीत आरपार भोकं.

गाडीच्या घोड्यांची बिटं कशी वेगळी पडतात?

सगळ्यात जास्त दिसतं ते लिव्हरपूल. सरळ शँक, त्यावर एकाखाली एक खाचा, दांड्याभोवती गोल कडी आणि साखळी. लगाम गोल कडीत घातला तर तरफ जवळजवळ नाहीच. मधल्या खाचेत घातला तर मध्यम. तळाच्या खाचेत पूर्ण. म्हणजे एकच बिट स्वभावाप्रमाणे बदलता येतं. बहुतेकांचा दांडा एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खाचांचा असतो, उलटवून लावला की परिणाम बदलतो.

इंग्रजी ‘एस’सारखे डौलदार वळलेले शँक आणि तळाशी दोन्हीकडचे शँक जोडणारी आडवी दांडी दिसली, तर ते बक्स्टन. समारंभाच्या गाड्यांवर हेच असतं. शँक दांड्याच्या खाली कोपरासारखा मागे मुडपून मग उभा उतरत असेल तर एल्बो बिट: घोड्याला ओठांनी शँक पकडता येऊ नये म्हणून केलेली युक्ती.

चार कड्यांचं स्नॅफल, दोन बाहेर आणि दोन दांड्यावर सरकणाऱ्या, म्हणजे विल्सन. आतल्या कड्या डोक्याच्या पट्टीला आणि बाहेरच्या लगामाला लावल्या की तोंड दोन्हीकडून आवळतं.

वेस्टर्न स्वारीतली उंच चमच्यासारखी कमान बघून धडकी भरते. ते काय?

स्पेड बिट. सरळ दांड्यावर उंच, वर चपटा होत जाणारा चमचा, दोन्हीकडे तांब्याची तार गुंडाळलेले आधार, आणि मध्ये एक तांब्याचं रोलर, जे घोडा जिभेने फिरवतो आणि त्याचा बारीक आवाज येतो. कॅलिफोर्नियातल्या जुन्या व्हाकेरो, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांच्या, परंपरेतलं हे बिट. तिथे घोडा आधी बोसाल नावाच्या नाकपट्टीवर, मग बोसाल आणि स्पेड दोन्हीवर आणि अनेक वर्षांनंतर फक्त स्पेडवर येतो. लगाम सैल लोंबतात आणि घोडा बिट स्वतः तोलून धरतो. अशा घोड्यावर तयार स्वाराच्या हातात ते अवजार आहे. इतर कुणाच्याही हातात ते शस्त्र आहे, भिंतीवरच शोभेल.

दांड्यावरून निघून खालच्या जबड्याभोवती जाणारं कडं असेल तर रिंग बिट. तेही नवख्याचं काम नाही.

नुसती गोल रिंग, खाली बारीक दांडा आणि तीन छोट्या कड्या आहेत. स्वारीचं दिसत नाही.

बरोबर, ते स्वारीचं नाहीच. ते चिफ्नी, म्हणजे हाताने धरून नेताना पुढचे पाय उचलणाऱ्या घोड्यासाठीचं बिट. १८व्या शतकातला इंग्लिश जॉकी सॅम्युअल चिफ्नी याचं नाव त्याला आहे. त्यावर स्वारी करू नये आणि त्याला घोडा बांधून ठेवू नये.

दांड्याच्या मध्यावर दोन-तीन लोंबते किल्लीसारखे तुकडे असतील तर ते शिंगराला बिटाची सवय लावायचं बिट. तो त्या तुकड्यांशी जिभेने खेळतो.

दांडाच नाही, फक्त लांब शँक आणि नाकावरची पट्टी आहे. हे अर्धवट तुटलेलं बिट आहे का?

नाही. ते मेकॅनिकल हॅकमोर, तोंडात काहीच न घालता नाक, हनुवटी आणि कानांमागे दाब देणारं. ‘बिट नाही म्हणजे दयाळू’ असं कुणी म्हटलं तर त्याच्या शँकची लांबी मोजा.

धातू कोणता हे कसं कळतं?

लोहचुंबक लावून बघा. गंजलेलं, तपकिरी-काळं आणि चुंबकाला घट्ट चिकटणारं बिट बहुधा ‘स्वीट आयर्न’, म्हणजे साध्या पोलादाचं. त्याचा गंज दोष मानत नाहीत, चवीमुळे लाळ सुटते असा अनुभव आहे. चकचकीत पण चिकटणारं आणि कडेला पापुद्रे सुटलेलं असेल तर निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद. पापुद्रे जीभ कापतात, ते वापरू नका. तांबूस आणि न चिकटणारं असेल तर तांब्याचं किंवा तांब्याच्या मिश्रधातूचं. पिवळट झाक असलेलं, न चिकटणारं असेल तर जर्मन सिल्व्हर असू शकतं, ज्यात चांदी नसते: तांबं, निकेल आणि जस्त असतं. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबकाचा भरवसा नाही, त्याचे काही प्रकार चिकटतात आणि काही नाही.

काळा, कडक, गुळगुळीत दांडा म्हणजे व्हल्कनाइट, कडक केलेलं रबर. मऊ, दबणारा असेल तर साधं रबर. त्यावर दातांचे वळ असतील तर ते टाकून द्या.

जाड बिट सौम्य आणि बारीक कठोर, हे खरं का?

अर्धंच. बारीक दांडा कमी जागेवर दाब देतो, हे खरं. पण घोड्याचं तोंड बंद असताना आत जीभ गच्च भरलेली असते. लहान तोंडात, मांसल जिभेवर जाडजूड बिट घातलं तर घोड्याला तोंड नीट मिटता येत नाही. त्याला ती दयाच त्रासाची होते. तोंड उघडून, ओठ बाजूला करून किती जागा आहे ते बघूनच जाडी ठरवावी.

बिटाचं माप कसं घ्यायचं?

दांडा सपाट ठेवून, सांधा असेल तर ताणून सरळ करून, दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजायचं. कड्या मोजायच्या नाहीत. मध्यम घोड्यांना बहुधा ५ इंच, म्हणजे सुमारे १२.५ सेंटिमीटर लागतं, तट्टांना त्याहून कमी, थोराड घोड्यांना जास्त. तोंडात बसल्यावर लूज रिंगला दोन्हीकडे सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा राहावी, एगबट आणि डीला त्याहून कमी चालते. जाडी दांड्याच्या बाहेरच्या टोकाशी, कडीच्या जवळ मोजतात.

स्पर्धेत कोणतं बिट चालेल हे बघून ओळखता येईल?

प्रत्येक प्रकाराचे नियम वेगळे आणि ते बदलत असतात, तेव्हा चालू नियमावली उघडूनच बघा. पण काही आकडे ठाऊक असलेले बरे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) नियमांत घोड्यांसाठी स्नॅफलची जाडी किमान १४ मिलिमीटर, ब्रिडूनची १० आणि कर्बची १२ लागते, आणि कर्बचा दांड्याखालचा शँक १० सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. गॅग, वॉटरफर्ड, पिळलेली बिटं तिथे बाद. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या वेस्टर्न स्पर्धांत शँक जास्तीत जास्त साडेआठ इंच आणि पोर्ट साडेतीन इंच चालतो. दोन्ही जगांतला फरक यावरूनच दिसतो.

फोटोवरून बिट ओळखून सांगता येतं का?

बाजू सांगता येते, दांडा नाही. घोड्याच्या डोक्यावर असताना दांडा ओठांआड जातो. डी-रिंगच्या आत फ्रेंच लिंक आहे की पिळलेली तार, हे कुणीही फोटोवरून ठामपणे सांगू नये. ओळखायचंच असेल तर बिट काढून पांढऱ्या कापडावर ठेवा. एक फोटो वरून घ्या, एक बाजूने आणि एक फक्त मधल्या सांध्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

जुनं, खणून काढल्यासारखं बिट मिळालं तर?

वापरायचं नाही, घासून चमकवायचंही नाही. पश्चिम इराणमधल्या लुरिस्तानची इसवी सनापूर्वी सुमारे १००० ते ६५० या काळातली काशाची बिटं प्रसिद्ध आहेत: एकसंध सरळ दांडा, टोकं वळवलेली, आणि बाजूंना प्राण्यांच्या आकृती ओतलेल्या. त्यांची बनावट नक्कलही तेवढीच प्रसिद्ध आहे. म्हणून अशी वस्तू बघताना आकृतीपेक्षा झीज बघावी. खरोखर वापरलेल्या बिटाची झीज ठराविक जागी दिसते: सांध्याच्या आतल्या कडेला, कडीच्या भोकात, लगाम घासतो तिथे. सगळीकडे सारखाच गंज असेल तर शंका घ्यावी.

ही झीज रोजच्या बिटातही बघायची का?

हो, आणि महिन्यातून एकदा तरी. सांधा ताणून धरा: एका बाजूने धातू पातळ झाला असेल किंवा कड धारदार झाली असेल तर ते बिट संपलं. लूज रिंगच्या भोकावरून नखं फिरवा. नख अडकलं तर ओठही अडकणार. दांड्याची एकच बाजू जास्त झिजली असेल तर स्वार एका हाताने जास्त ओढतो, किंवा घोड्याचं त्या बाजूचं काही दुखतं आहे. तेव्हा बिट बदलण्याआधी घोड्याचे दात तपासून घ्या.